सुया, लोकर आणि मनगट

गेल्या हिवाळ्यांत आमच्या घरीं नातवंडाच्या आगमनाची तयारी चालली होती. बाळंतविड्यांतील टोपडें, मोजे व झबलें स्वहस्तें विणावयाचीं, असा आमच्या सौभाग्यवतींचा निश्चय होता. दुपारीं बसल्या कीं दिवेलागणीपर्यंत त्या सुया खालीं ठेवीत नसत. मीहि मोठ्या कौतुकानें लोकरीचे गुंडे करून देत असें. एके रात्रीं त्या दचकून उठल्या व हात झटकूं लागल्या. "अहो, हात असून नसल्यासारखा झाला आहे," असें म्हणाल्या. वाताचा विकार समजून मीं तेल चोळावयास सांगितलें आणि महिना व्यर्थ दवडला. तो प्रमाद इतरांकडून होऊं नये, म्हणून हा लेखनप्रपंच.

मनगटांत तळहाताच्या बाजूस एक अरुंद बोगदा असतो. त्यांतून बोटें वांकविणाऱ्या नऊ कंडरा व एक मज्जातंतु जातो. मनगट मुडपून दीर्घकाल काम केल्यास आंतील दाब वाढून तो तंतु चेंगरतो. मग अंगठा, तर्जनी, मध्यमा आणि अनामिकेची अर्धी बाजू यांस मुंग्या येतात, विशेषतः रात्रीं. करंगळी सुटते, कारण तिचा तंतु निराळ्या वाटेनें जातो. दुसरा विकार अंगठ्याच्या मुळाशीं होतो. तेथील दोन कंडरांचें आवरण जाड होऊन अंगठा हलवितांना कळ येते. स्विस शल्यवैद्य द केर्व्हेन यांनीं १८९५ मध्यें त्याचें वर्णन केलें. मधुमेह, गलग्रंथीची मंदता व गर्भारपण यांत मुंग्यांचा विकार अधिक आढळतो. सर्व दोष विणकामाच्या माथीं मारूं नये.

आयुर्वेदानें कर्माचे अतियोग आणि मिथ्यायोग असे दोष सांगितले आहेत. विणकामांत दोन्ही घडतात.

अतियोग टाळण्यासाठीं दर वीस-पंचवीस मिनिटांनीं काम खालीं ठेवावें, मुठी हलकेच उघडाव्या-मिटाव्या, खांदे फिरवावे. बारशाची तारीख जवळ आली म्हणून एका दिवसांत आठवड्याचें काम उरकूं नये.

मिथ्यायोग टाळण्यासाठीं मनगट सरळ ठेवावें, कोपरांस आधार द्यावा, सुई सैल धरावी. टांके फार घट्ट घातले तर प्रत्येक टांक्यास बोटांना जोर लागतो. जड विणकाम मांडीवर टेकवावें. गोल सुया वापरल्यास तें सहज साधतें. क्रोशाची सुई बारीक असल्यास तिच्या दांड्यास जाड मूठ बसवावी.

इतकें करूनहि मुंग्या राहिल्या, हातांतून वस्तू निसटूं लागल्या किंवा अंगठ्याखालचा मांसल भाग झडूं लागला, तर तेलाच्या नादीं न लागतां डॉक्टरांकडे जावें. वेळीं गेल्यास रात्रीं मनगट सरळ ठेवणाऱ्या पट्टीनेंहि अनेकांस उतार पडतो. विलंब झाल्यास शस्त्रक्रियेचा प्रसंग येतो, आणि गेलेली शक्ति पुरती परत येईलच असें नाहीं.

आमच्याकडे पट्टीनेंच भागलें. बारशास टोपडें व मोजे तयार होते. झबलें अर्धें राहिलें. आतां तें उसवून मोठ्या मापाचें घातलें आहे. सौभाग्यवती विणतात, आणि मी समोर घड्याळ घेऊन बसतों. वेळ झाली कीं म्हणतों, "ठेवा सुया." त्या रागावतात खऱ्या, पण ठेवतात.