थोरला घ्यावा की धाकटा?

संकेश्वरी मिरची घेताना आमचा गडहिंग्लजकर देठ पाहील, वास घेईल, चारदा भाव पाडून मागेल. पण तोच गृहस्थ मोबाइलच्या दुकानात शिरला की नुसत्या आकड्यापुढे मान तुकवतो. पंधरापेक्षा सोळा मोठे, म्हणून सोळा चांगला!

आता हिशेबच मांडू. आयफोन १५ आला २०२३ साली, १६ आला २०२४ च्या सप्टेंबरात. नव्याची किंमत ७९,९०० रुपये, आणि त्याच वेळी जुना ६९,९०० वर उतरला. हे दहा हजार कशाचे? पडदा दोघांचाही ६.१ इंचांचा, मुख्य कॅमेरा ४८ मेगापिक्सेलचाच, चार्जरची पिनही तीच. धाकट्याला रॅम ६ ऐवजी ८ जीबी, चिप नवी आणि फोटोसाठी कडेला एक वेगळी कळ. (ती आमच्या अंगठ्याला शोधावी लागते, ते असो.) ‘अ‍ॅपल इंटेलिजन्स’ मात्र थोरल्यावर चालतच नाही. त्याची ज्याला गरज नाही, आणि मुलगी कोल्हापूरला शिकायला निघाली आहे, त्याने दहा हजार तिच्या खोलीच्या भाड्याला ठेवावेत, असे माझे स्पष्ट मत होते.

पण हा नियम नव्हे हं! २०२५ च्या सप्टेंबरात १७ आला ८२,९०० ला, आणि सोळा बसला ६९,९०० वर. या खेपेला साठवणीची जागा १२८ वरून थेट २५६ जीबी, पडदाही मोठा आणि दुपटीने चपळ. येथे मी धाकट्याच्या बाजूचा. शेजारच्या अण्णांना तसे सांगितलेही. त्यांनी जावयासाठी सतरा घेतला आणि स्वतःसाठी सोळा!