अभिजित् : तारा, नक्षत्र व मुहूर्त

पोथीच्या पुष्पिकेंत किंवा देवस्थानच्या जुन्या टिपणांत "अभिजित्" हा शब्द आढळला, कीं तो चंद्रनक्षत्राचा वाचक मानून मितीचा मेळ घालण्याचा मोह सहज होतो. हा मोह टाळावा, असें आमचें मत आहे.

मूळ अर्थ तारेचा. पाश्चात्य जिला व्हेगा म्हणतात तीच ही. खगोलाच्या उत्तरार्धांत स्वातीखालोखाल तेजस्वी. आश्विनांत सायंकाळीं तुळजापुराहून पाहिल्यास ती वायव्येकडे उंचावर ठळक दिसते. परंतु क्रांतिवृत्तापासून ती सुमारें ६२ अंश उत्तरेस, आणि चंद्राचा शर तर सव्वापांच अंशांच्या आसपासच संपतो. चंद्रमार्गाच्या नक्षत्रांत तिची जागा अवघडच होती. अथर्ववेदांत तिच्यासह २८ नक्षत्रें आहेत, तैत्तिरीय संहितेंत तिच्यावांचून २७. आणि ती तपास्तव वनांत गेल्याची कथा महाभारताच्या वनपर्वांत आली आहे. पुढें ज्योतिष्यांनीं उत्तराषाढेचा चौथा चरण व श्रवणाचा पंधरावा अंश मिळून अभिजित् मानिलें. त्याचा चंद्रभोग अवघा सुमारें १९ घटिका. गवामयन सत्रांत विषुवान् दिवसापूर्वीं अभिजित् नांवाचा सोमयाग येतो. यादवांच्या अंधक शाखेंत अभिजित् व पुनर्वसु अशी पितापुत्रांची जोडीही आहे; दोघांचीं नांवें नक्षत्रांचीं, हें गमतीचें.

कागद वाचणारास अधिक महत्त्वाचा तो मुहूर्त. दिनमानाचे १५ भाग केले असतां आठवा तो अभिजित्. श्राद्धप्रकरणीं त्यासच कुतप म्हणतात. हा रोज मध्याह्नीं येतो. चंद्र कोठें आहे याच्याशीं त्याचा संबंध नाहीं.

धाराशिव जिल्ह्यांतील तुळजापूर येथें आश्विन शुद्ध प्रतिपदेस श्रीभवानीची निद्रा संपून ती सिंहासनारूढ होते व दुपारीं बाराच्या सुमारास घटस्थापना होते. तुळजापूर ८२॥ अंश रेखांशाच्या सुमारें ६॥ अंश पश्चिमेस असल्यामुळें तेथील खरा मध्याह्न त्या दिवसांत घड्याळाच्या १२ वाजून १२ ते १९ मिनिटांस होतो. त्याच्या अलीकडे पलीकडे चोवीस चोवीस मिनिटें धरिलीं म्हणजे बाराचा ठोका अभिजित् मुहूर्तांतच पडतो. त्या वेळीं तारा ईशान्येस नुकतीच वर आलेली व उन्हांत अदृश्य असते, आणि चंद्र बहुधा हस्त वा चित्रा नक्षत्रीं असतो. अभिजित् नक्षत्र गांठावयास त्यास आणखी सात-आठ दिवस लागतात. सबब प्रतिपदेच्या घटस्थापनेशीं "अभिजित्" लिहिलेलें आढळल्यास तो मुहूर्तच; नक्षत्र समजून तिथि अशुद्ध ठरविणें वा कागद बनावट म्हणणें अन्यायाचें होईल.

अष्टमी ते दशमीच्या नोंदींत मात्र सावध असावें. तेव्हां चंद्र खरोखरच उत्तराषाढा-श्रवणांच्या संधीजवळ असूं शकतो, आणि मध्याह्नींच्या कृत्यास दोन्ही अर्थ लागूं पडतात. अशा ठिकाणीं नक्षत्राचें नांव वेगळें दिलें आहे काय, व घटिका सूर्योदयापासून किती लिहिल्या आहेत, हें पाहूनच निर्णय करावा.