कलम मान का टाकते?
जुलैत शाळेच्या आवारात लावलेले हापूसचे कलम महिन्याभरात मान टाकते आणि मुले घाईघाईने आणखी पाणी ओततात. आपण आधी नखाने साल किंचित खरवडून पाहू. आत हिरवा थर दिसला की कलम जिवंत आहे. मग बोटभर खोल माती चाचपू. ती गार, चिकट लागली तर पाणी कमी नव्हे, जास्त झाले आहे! मुळेही श्वसन करतात, आणि पाण्यातून ऑक्सिजन हवेतल्यापेक्षा सुमारे १०,००० पट सावकाश पसरतो. गुदमरलेली मुळे पाणी शोषू शकत नाहीत. म्हणून चिखलात उभे असूनही झाड तहानलेले दिसते. अशा वेळी आळे फोडून पाणी वाहू द्यावे. खत तर मुळीच नको. क्षार वाढले की दुखावलेल्या मुळांना पाणी ओढणे आणखी जड जाते. माती कोरडी असेल तर मात्र पाणी द्यावे व खोडापासून थोडा दूर पालापाचोळा पसरावा.

जोडाखाली फुटलेली जोमदार पालवी पाहून मुले (आणि मुख्याध्यापकही) खूष होतात. ती खालच्या खुंटाची, हापूसची नव्हे. ती खुडून टाकू. जोडावरचा भाग पुरता वाळला असेल, तर मात्र आम्ही ती राखू. निदान रायवळ तरी मिळेल.