अर्धशिशीची कैफियत

आमच्या अंबाजोगाईच्या घरात नवरात्र बसले, की तिसऱ्या-चौथ्या माळेला आई हमखास डोके धरून आडवी व्हायची. योगेश्वरीचे ठाणे गावातच; उपास मोडण्याचा प्रश्नच नव्हता. माजघराचे दार लावून, कपाळाला फडके करकचून बांधून ती अंधारात पडून राही. भांडे वाजले तरी कळवळे, फोडणीच्या वासाने ओकारी येई. आणि आम्ही? "झाले वाटते पुन्हा सुरू!" असे म्हणत पाने वाढून घेत असू. दुसऱ्या दिवशी ती ओट्यापाशी उभी दिसली, की आमचा संशय अधिकच बळावे. खरे दुखणे असे एका रात्रीत जाते होय?

या संशयाचे प्रायश्चित्त मला तिशीत मिळाले. वर्गात मुकुंदराजांचा 'विवेकसिंधु' शिकवीत होतो. एकाएकी ओवीच्या मधलीच अक्षरे नाहीशी झाली आणि त्या जागी करवतीच्या दात्यांसारखी चकाकती रेघ वळवळू लागली. वीसेक मिनिटांनी ती विरली आणि उजव्या भुवईवर कोणी सांडशीने दाबावे तशी कळ सुरू झाली. संध्याकाळी त्याच माजघरात पडलो असता आई उशाशी येऊन बसली. काही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते!

हे दुखणे रक्ताच्या नात्यात उतरते, हे पुढे कळले. मराठीच्या मास्तराला आधी शब्दच दिसणार, त्याला इलाज नाही. आपली अर्धशिशी, सुश्रुताचा 'अर्धावभेदक', निजामी अमलात शिकलेल्या आमच्या आजोबांचा 'दर्दे-शकीका' आणि अर्ध्या कवटीच्या ग्रीक शब्दावरून आलेले 'मायग्रेन': सगळ्यांना अर्धेच डोके दिसले. प्रत्यक्षात पुष्कळांचे पुरते डोके ठणकते, आणि "दोन्हीकडे दुखते, मग ही अर्धशिशी नव्हे" म्हणून ते औषधाला मुकतात. हल्ला ४ तासांपासून ७२ तासांपर्यंत टिकतो. यात चेहऱ्याच्या मोठ्या मज्जातंतूतून सी.जी.आर.पी. नावाचे द्रव्य सुटते. या दुखण्यातला त्याचा वाटा शोधणाऱ्यांसह चार शास्त्रज्ञांना २०२१ साली 'ब्रेन प्राइझ' मिळाले. ते द्रव्य अडवणारी इंजेक्शने २०१८ पासून निघाली. खिशाला मात्र जड.

मी आईला घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पहिलाच प्रश्न असा केला, की मी चमकलो. "आजी, महिन्यातून किती दिवस गोळी घेता?"

"रोज एक. चहाबरोबर."

गोम तिथेच होती! साधी वेदनाशामके महिन्यातून १५ दिवस, मिश्र गोळ्या १० दिवस किंवा अधिक, अशा तीन महिन्यांवर चालल्या, की गोळीच डोकेदुखी होऊन बसते. ती सोडताना पहिले काही दिवस कठीण जातात, म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी. हल्ल्याची गोळी घ्यायची तर ठणका सुरू होताच, पण मोजून. वरचेवर हल्ले येत असतील तर प्रतिबंधाचे औषध वेगळे. आईला प्रोप्रॅनोलॉल दिले (दमेकऱ्यांना ते चालत नाही) आणि गुण यायला दोन-तीन महिने लागतील, असे बजावले. डोके एका क्षणात फुटेल असे दुखू लागले, सोबत ताप येऊन मान ताठली, हातपाय लुळे पडले किंवा पन्नाशीनंतर हे दुखणे प्रथमच उद्भवले, तर मात्र अर्धशिशी समजून घरी बसू नये.

राहिला उपास. रिकामे पोट, तुटलेली झोप, वैशाखाचे ऊन ही या दुखण्याची जुनी आमंत्रणे. सूर्योदयापूर्वी दूध-जिलबी खाण्याचा उपाय गावोगाव सांगतात. त्यात गुण जिलबीचा की पहाटे पोटात काही गेल्याचा, याची मला शंका आहे. आईने मात्र आता नवरात्रात वेळेवर भगर आणि भरपूर पाणी घ्यायचे मान्य केले. "देवीला नारळ पुरतो, माझे डोके कशाला हवे?" हे तिचेच उद्गार.

वयात आल्यावर बायकांत ही व्याधी पुरुषांच्या जवळजवळ तिप्पट दिसते. नववीतल्या आमच्या कन्येने एक वही घातली आहे: दुखले कधी, जेवण चुकले का, पाळी कितव्या दिवशी. डॉक्टरांना तिचा फार उपयोग होतो. परवा ती भर दुपारी डोळ्यांवर हात धरून शाळेतून आली. मी काही विचारण्यापूर्वीच आजीने माजघराची खिडकी लावून घेतली होती.