शेततळ्यातील मत्स्यपालनासाठी वायुवीजन व्यवस्थेचे नियोजन

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण भागात शेततळे हे संरक्षित सिंचनाचे साधन म्हणून रुजले. राज्य शासनाने २०१६ मध्ये सुरू केलेल्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेमुळे त्याच्या प्रसारास चालना मिळाली. नाशिककडील द्राक्षबागा व सोलापूरकडील डाळिंबबागा यांसाठी साठविलेल्या पाण्यात कटला, रोहू व मृगळ या माशांचे संगोपन करून शेतकऱ्यास पूरक उत्पन्न मिळविता येते. मात्र अनेक महिने वाढविलेले मासे एकाच पहाटे मृतावस्थेत आढळणे, ही या व्यवसायातील मोठी जोखीम होय. अशा वेळी कारण अनेकदा रोग नसून पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूची कमतरता हे असते. ती टाळण्यासाठी वायुवीजन यंत्र किती शक्तीचे असावे आणि ते केव्हा चालवावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करण्यात आले आहे.

प्राणवायूचे दैनंदिन चक्र

तळ्यातील प्राणवायूचा मुख्य स्रोत म्हणजे वनस्पती-प्लवकांचे प्रकाशसंश्लेषण. त्यामुळे दुपारनंतर प्राणवायूचे प्रमाण सर्वाधिक असते. सूर्यास्तानंतर निर्मिती थांबते. श्वसन मात्र अखंड चालू राहते. परिणामी सूर्योदयापूर्वी हे प्रमाण नीचांकी होते. समुद्रसपाटीस ३० अंश सेल्सिअस तापमानाचे गोडे पाणी हवेतून लिटरमागे सुमारे ७.५ मि.ग्रॅ. प्राणवायू धारण करू शकते. दख्खनच्या पठारावर हे प्रमाण ७ मि.ग्रॅ.च्या आसपास राहते. कार्प माशांच्या वाढीसाठी ५ मि.ग्रॅ. प्रमाण इष्ट होय. ३ मि.ग्रॅ.च्या खाली मासे ताणाखाली येतात व १ मि.ग्रॅ.च्या आसपास मरतुकीस प्रारंभ होऊ शकतो. म्हणूनच दुपारी घेतलेल्या मोजणीवरून तळे सुरक्षित आहे असे ठरविणे दिशाभूल करणारे ठरते.

रात्रीचा हिशेब

उदाहरणादाखल २,००० घनमीटर पाणी व ५०० किलो मासे असलेले तळे विचारात घेऊ. या तळ्यात लिटरमागे १ मि.ग्रॅ. म्हणजे एकूण २ किलो प्राणवायू होय. सायंकाळी ७ वाजता प्रमाण ७ मि.ग्रॅ. असल्यास ३ मि.ग्रॅ.ची मर्यादा येईपर्यंत ८ किलो प्राणवायू खर्चास उपलब्ध असतो. बारा तासांचा खर्च पुढीलप्रमाणे गृहीत धरता येईल :

१) मासे (प्रतिकिलो ताशी ३०० मि.ग्रॅ.) : १.८ किलो
२) पाण्यातील प्लवक व जीवाणू (लिटरमागे ताशी ०.४५ मि.ग्रॅ.) : १०.८ किलो
३) तळाचा गाळ : सुमारे ०.४ किलो

एकूण खर्च १३ किलो, म्हणजे ताशी सुमारे १.१ किलो होतो व तूट ५ किलोची येते. येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, प्राणवायूचा सर्वांत मोठा ग्राहक मासा नसून हिरवे पाणी आहे. अतिरिक्त खाद्य व शेणखत यांमुळे प्लवक वाढतात आणि रात्रीचा खर्चही वाढतो. सेक्की तबकडीची दृश्यता २५ ते ४० सें.मी. राखणे हा म्हणूनच वायुवीजनाइतकाच महत्त्वाचा उपाय ठरतो.

यंत्राची क्षमता व चालविण्याचा काळ

वरील तळ्यात रात्री अडीचच्या सुमारास मर्यादा गाठली जाते. तेथून पुढे यंत्राने ताशी १.१ किलो प्राणवायू पुरविला पाहिजे. पाणी ढवळणाऱ्या चाकाच्या एरेटरची प्रमाणित क्षमता प्रति किलोवॅट-तास सुमारे २ किलो असते. परंतु ती प्राणवायूरहित पाण्यात व २० अंश तापमानास मोजलेली असते. प्रत्यक्ष तळ्यात तिच्या सुमारे निम्मीच क्षमता मिळते. म्हणजे किमान १.५ अश्वशक्तीचे यंत्र लागते. राखीव क्षमता धरून २ अश्वशक्तीची निवड योग्य ठरेल.

ढगाळ दिवशी सायंकाळचे प्रमाण ५ मि.ग्रॅ.च असेल, तर मर्यादा रात्री पावणेअकराच्या सुमारासच येते व यंत्र साडेचारऐवजी आठ तासांहून अधिक चालवावे लागते. थोडक्यात, यंत्राची शक्ती श्वसनाच्या वेगावरून आणि तास सायंकाळच्या साठ्यावरून ठरतात. उन्हाळ्यात सिंचनामुळे पाणी निम्मे झाल्यास तेवढेच मासे निम्म्या साठ्यावर जगतात. तेव्हा हा हिशेब नव्याने मांडणे अगत्याचे आहे.

मांडणी व दक्षता

चाकाचा एरेटर मुख्यतः वरचा थर ढवळतो. ३ मीटर खोल तळ्यात तळाशी ठेवलेल्या हवेच्या चकत्या व काठावरील कॉम्प्रेसर यांमुळे तळापर्यंत मिश्रण होते. नळ्यांच्या वजनामुळे प्लॅस्टिक अस्तरास छिद्र पडणार नाही, याची काळजी घ्यावी. दीर्घकाळ स्थिर राहिलेल्या तळ्यात तळाचे प्राणवायूहीन पाणी एकदम वर आल्यास मासे मरू शकतात. म्हणून प्रथम काही दिवस यंत्र थोडा थोडा वेळच चालवावे. अर्थिंग व गळती-प्रवाह रोखणारा स्विच अनिवार्य समजावा.

वीजपुरवठ्याचा प्रश्न

कृषी वाहिन्यांवर वीज ठरावीक तासच मिळते. २०१७ पासून राबविण्यात येणाऱ्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा उद्देश शेतीस दिवसा वीज देणे हा आहे. सिंचनासाठी ती सोयीची असली, तरी माशांची निकड मध्यरात्रीनंतरची असते. दिवसाच्या विजेवर दुपारी मिश्रण केल्यास पृष्ठभागावरील प्राणवायू तळापर्यंत पोहोचून सायंकाळचा साठा वाढतो. परंतु ढगाळ दिवशी तो पुरत नाही. त्यासाठी जनित्र अथवा बॅटरीची पर्यायी सोय आवश्यक ठरते.

समारोप

वायुवीजनाचे नियोजन यंत्राच्या खरेदीपासून नव्हे, तर रात्रीच्या हिशेबापासून सुरू झाले पाहिजे. ज्या शेतकऱ्यास पहाटेच्या विजेची हमी नाही, त्याने यंत्राच्या भरवशावर माशांची संख्या वाढवू नये. मत्स्यबीज सोडतानाच संख्या व खाद्य मर्यादित ठेवणे, हाच त्याच्यासाठी अधिक सुरक्षित मार्ग होय.