पंगतीतील 'नको' : भोजनप्रसंगीच्या भाषाव्यवहाराविषयी काही विचार

भोजनाचे शिष्टाचार आणि त्यांतून उद्भवणारे अवघडलेपण हाच विषय घेऊन जपानात एक विक्षिप्त व्हिडिओ-खेळ रचला गेला आहे. ताटाशी बसलेल्या मनुष्याची फजिती खेळण्याजोगी वाटावी यात नवल नाही. भोजन ही मुळातच नियमबद्ध क्रीडा आहे, आणि तिचे बरेचसे डाव भाषेने खेळले जातात. मराठी पंगत हे याचे आपल्या जवळचे उदाहरण होय.

नागपूर जिल्ह्यात कन्हान नदीकाठी वसलेले मौदा घ्यावे. हा भातपिकाचा मुलूख. येथील बोली ग्रीअर्सनने आपल्या भाषापाहणीच्या सातव्या खंडात (१९०५) नोंदविलेल्या नागपुरीच्या कुळातली. 'मला'ऐवजी 'मले', 'जेवत आहे'ऐवजी 'जेऊन राह्यलो', आणि वाक्याच्या शेवटी आदराची शेपटी म्हणून येणारा 'जी'. पंगतीत वाढपी भात घेऊन येतो. 'घ्या न जी थोडासा.' 'नको जी.' 'घ्या न, लाजू नका.' 'बस, बस.' एवढे होईपर्यंत भात पानावर पडलेला असतो. वाढणाऱ्याने नकार ऐकला नाही असे नव्हे. तो ऐकूनच त्याने पुढचे पाऊल टाकलेले असते.

हा पहिला 'नको' म्हणजे नकार नव्हेच. तो आग्रहाला दिलेली जागा आहे. पहिल्याच 'नको'वर वाढपी पुढे सरकला तर यजमानाची अब्रू जाते. उलट पहिल्याच विचारण्याला 'हो, वाढा' म्हणणारा पाहुणा हावरट ठरतो. मग खरा नकार कोणता? तो शब्दात नसतो. पानावर दोन्ही हात आडवे धरून मनुष्य ओणवा झाला की वाढपी समजतो, आणि तरीही बोटांच्या फटीतून एखादी जिलबी सोडण्यात काहींना पुरुषार्थ वाटतो. ऑस्टिनने १९५५ च्या व्याख्यानांत (प्रसिद्धी १९६२) 'बोलणे म्हणजे करणे' हा सिद्धान्त मांडला. पंगतीत मात्र बोलणे एक आणि करणे दुसरे, व दोहोंचा मेळ श्रोत्याने घालावयाचा.

सौजन्याचा विख्यात सिद्धान्त मांडणाऱ्या ब्राऊन व लेव्हिन्सन (१९७८, पुस्तकरूपाने १९८७) यांच्या मते दुसऱ्याच्या स्वातंत्र्यावर अतिक्रमण टाळणे हा सौजन्याचा एक मोठा भाग होय. या मापाने आपला आग्रह असभ्यच ठरेल. साचिको इदे यांनी १९८९ मध्ये जपानी भाषेच्या आधारे आक्षेप घेतला की सौजन्य पुष्कळदा वक्त्याची निवड नसून प्रसंगाची ओळख असते. त्यासाठी त्यांनी 'वाकिमाए' ही संज्ञा योजली. मराठी पंगतीला ही संज्ञा अर्धीच लागू पडते. आग्रह करावा की नाही हे वाढप्याच्या हाती नाही, पण किती करावा, कोणाला करावा, आणि मधुमेही आजोबांच्या पानापाशी कोठे थांबावे, हे सर्वस्वी त्याच्या विवेकावर आहे.

जपानी भाषेत संकोचाला 'एनर्यो' म्हणतात, आणि यजमानाचे 'गोएनर्यो नाकु' हे आपल्या 'संकोच करू नका'चे जुळे भावंड आहे. ओसाका-क्योतो भागात सामाईक थाळीत उरलेल्या शेवटच्या तुकड्याला 'संकोचाचा गोळा' अशा अर्थाचे नाव आहे; कोणीच तो उचलीत नाही. आपल्या पंगतीत हा गोळा संभवत नाही, कारण प्रत्येकाचे पान वेगळे आणि मध्ये वाढपी. येथील अवघडलेपण दुसरीकडे सरकते : सर्वांचे झाल्याशिवाय उठावयाचे नाही, म्हणून सावकाश जेवणाऱ्या एकट्यावर साऱ्या ओळीची नजर खिळते. त्याला उद्देशून म्हटलेले 'सावकाश होऊ द्या' हे वाक्य त्याचा वेग हमखास वाढविते.

'वाढणे' हे क्रियापदही पाहण्यासारखे आहे. संस्कृत 'वृध्'पासून आलेला हा धातू 'वृद्धिंगत होणे' व 'पानात घालणे' असे दोन्ही अर्थ वाहतो. शिवाय बांगडी फुटली तरी ती 'वाढते' आणि नारळ फोडणे म्हणजे 'वाढविणे'. अशुभ टाळण्याची ही रीत जपानीतही आहे. तेथे विवाहभोजन 'संपले' न म्हणता 'उघडले' म्हणतात.

हे सर्व संकेत बालपणापासून अंगी मुरलेले असतात, म्हणून ते नियम वाटत नाहीत. मौद्यात एन.टी.पी.सी.चे २३२० मेगावॉटचे औष्णिक विद्युतकेंद्र उभे राहिले आणि अनेक प्रांतांतील माणसे तेथे नोकरीस आली. यांपैकी एखाद्याचा 'नको' खरोखरीचा असतो. त्याच्या पानावर ढीग साचतो, आणि अन्न टाकण्याचा दोष उलट त्याच्याच माथी येतो. याच्या विरुद्ध, स्वतः वाढताना तो पहिल्या 'नको'वर थांबला की स्थानिक पाहुणा अर्धपोटी उठतो. दोघेही सभ्यच; फक्त नकाराचे व्याकरण वेगळे.

आता लग्नांतून उभ्याने जेवण्याची पद्धत रूढ झाली आहे. वाढपी मेजापलीकडे गेला, पण आग्रह गेला नाही. यजमान गर्दीतून फिरत प्रत्येकाला 'जेवले का जी?' विचारतो. हातात भरलेली थाळी दिसत असतानाही तो विचारतो, आणि पाहुणाही घास गिळून 'हो जी, जेऊनच राह्यलो' असे उत्तर देतो.