जुनी मोटारसायकल : घरची दुरुस्ती आणि घरचा साज



अणदूर हे पुण्याहून सोलापूरमार्गे हैदराबादकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरचे गाव. नळदुर्गच्या बाजाराला, तुळजापूरच्या कचेरीला किंवा सोलापूरच्या दवाखान्याला ज्याला वरचेवर जावे लागते, त्याला एस.टी.ची वाट पाहत फाट्यावर उभे राहण्यापेक्षा दारात स्वतःची फटफटी असावी असे वाटणे साहजिक आहे. नवी घेण्याची ऐपत मात्र सर्वांची नसते. मग कोणीतरी सांगते, अमक्याची गाडी निघाली आहे, स्वस्तात देतो म्हणतो. आजचे बोलणे या अशा गाडीविषयी आहे. ती पाहावी कशी, घरच्या अंगणात तिची दुरुस्ती कोठवर करावी, आणि आपल्या सोयीप्रमाणे तिच्यात बदल करावयाचे तर ते कोणते, एवढाच माझा विषय.

प्रथम कागद. पुष्कळांना ही बाब कंटाळवाणी वाटते, आणि गाडी विकणाऱ्याला तर ती आपली नव्हेच असे वाटते. पण आपल्याच गावचे पाहा. खंडोबा वर्षातले बहुतेक महिने अणदूरला आणि उरलेले दोनेक महिने नळदुर्गला मैलारपुरात असतो. देव एका गावाहून दुसऱ्या गावी निघाला म्हणजे दोन्हीकडचे मानकरी बसून लेखी करार करतात. देवाची ने-आण कागदावाचून होत नाही, तेथे फटफटीची का व्हावी? मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे. त्याच्या ५०व्या कलमाप्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयास कळवावयाचे असते. नमुना २९ आणि नमुना ३० हे त्याचेच अर्ज. हे केले नाही तर नुकसान कोणाचे? विकणाऱ्याचे! २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की दप्तरी ज्याचे नाव, तोच मालक. अपघाताची भरपाई त्याच्यावर येऊ शकते. म्हणजे गाडी विकून, पैसे खर्चून, विसरून गेलेला गृहस्थ दोन वर्षांनी न्यायालयात उभा राहावयाचा.

आपल्या भागात एम.एच. २५ म्हणजे धाराशिव, एम.एच. १३ म्हणजे सोलापूर. पण सीमा जवळ असल्याने कर्नाटकातल्या पाटीची गाडीही पुष्कळदा समोर येते. तिला तिकडच्या कार्यालयाचे ना-हरकत पत्र लागते, ते हाती आल्याखेरीज पैसे देऊ नयेत. सांगाड्यावर आणि इंजिनावर ठोकलेले आकडे नोंदणीपुस्तकाशी ताडून पाहावेत. गाडी कर्जाची असेल तर बोजा उतरल्याची नोंद पाहावी. आणि नोंदणी पहिल्याने १५ वर्षांची असते, पुढे पाच पाच वर्षांनी ती नवी करून घ्यावी लागते, हेही ध्यानात असू द्यावे.

आता प्रत्यक्ष गाडी. १९८५ साली शंभर सी.सी.ची चार फेऱ्यांच्या इंजिनाची हिरो होंडा बाजारात आली आणि कमी पेट्रोलात पुष्कळ अंतर जाणाऱ्या हलक्या गाड्यांची रीत पडली. त्याआधीच्या राजदूत, येझदी आणि पुष्कळांच्या घरी असलेली एम-८० या दोन फेऱ्यांच्या गाड्या. त्यांत पेट्रोलबरोबर तेलही जळते, म्हणून थोडा निळसर धूर हा त्यांचा स्वभावच. चार फेऱ्यांच्या गाडीला मात्र निळा धूर हा रोग समजावा. मूठ पिळताना निळा धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. मूठ सोडल्यावर किंवा सकाळी सुरू करतानाच तेवढा येत असेल तर बहुधा व्हॉल्व्हची सीले गेली आहेत. पहिल्या दुखण्याला ब्लॉक-पिस्टनचा खर्च आहे, दुसऱ्याला पुष्कळ कमी. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त आणि हवा कमी. हवेची गाळणी धुळीने बुजली असली तरी एवढे होते. थंडीत पहाटे मिनिटभर पांढरी वाफ दिसते, तिला भिऊ नये.

म्हणून गाडी पाहावयास जावे ते सकाळी, न सांगता, इंजिन थंड असताना. विकणाऱ्याने ती आधीच तापवून ठेवली असेल तर निम्मी परीक्षा बुडाली. हाताने किक दाबून पाहावी. पायाखाली चांगला अडसर लागला तर दाब शाबूत आहे. मग प्लग काढून त्याचा रंग पाहावा. कॉफीसारखा तपकिरी असेल तर इंजिन सुखात आहे. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जाते, ओला तेलकट असेल तर रिंगांकडे बोट जाते, आणि पांढराफटक असेल तर हवा जास्त, इंजिन तापते आहे. मीटरवरच्या किलोमीटरच्या आकड्यावर मी विसंबत नाही. पायाच्या रबराची झीज आणि साखळीच्या चाकाचे दाते खोटे बोलत नाहीत. दाते करवतीसारखे टोकदार झाले असतील तर गाडी पुष्कळ फिरली आहे.

गाडी घरी आली की घरातली मुले पहिल्याने रंग आणि आरसे काढतात. माझा आग्रह असा की रंगाचा डबा महिनाभर उघडूच नये. आधी थांबणे, मग वळणे, मग पळणे आणि सर्वांत शेवटी दिसणे, हा क्रम. मागच्या ब्रेकच्या ताटलीवर बाणाची खूण असते. ब्रेक दाबल्यावर बाण शेवटच्या रेघेशी पोचला की जोडे बदलावयाचे. नट आवळून दिवस काढावयाचे नाहीत. ड्रममधली धूळ तोंडाने फुंकू नये, जुन्या जोड्यांत अॅस्बेस्टॉस असू शकते. ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. पुढचा ब्रेक धरून गाडी पुढेमागे हलवावी. हँडलच्या मुळाशी खट असा आवाज आला तर तेथले बॉल सैल किंवा घासलेले आहेत. चाक उचलून फिरवावे आणि आऱ्यांवरून हलकेच पाना चालवावा; जो आरा बद्द वाजतो तो ढिला.

तेलाविषयी एक चूक घरोघर होते. या गाड्यांत इंजिन, गिअर आणि क्लच एकाच तेलात बुडालेले असतात. मोटारीचे उरलेले महागडे तेल चांगले म्हणून यात ओतले तर त्यातल्या घर्षण कमी करणाऱ्या द्रव्याने क्लच घसरू लागतो, आणि मग बिचाऱ्या क्लचप्लेटा बदलल्या जातात. मोटारसायकलीचेच तेल घालावे, पुस्तिकेत सांगितले आहे तेवढेच.

आता साखळी. येथे मी माझीच फजिती सांगतो. साखळीचा जोड एका लहानशा क्लिपने बंद होतो. तिचे एक तोंड बंद आणि एक फाटलेले असते. बंद तोंड साखळी ज्या दिशेने धावते त्या दिशेला हवे. म्हणजे काही अडखळले तरी क्लिप दबते, निसटत नाही. मी स्वतः साखळी बदलली, क्लिप उलटी बसवली आणि पक्कडीने दाबताना ती किंचित वाकलीही. दोन आठवडे काही झाले नाही. तिसऱ्या आठवड्यात नळदुर्गहून परतताना, अंधार पडल्यावर, मागे पत्नी बसलेली असताना, इंजिन एकाएकी ओरडले आणि गाडी ओढेनाशी झाली. साखळी तुटून रस्त्यावर पडली होती. ती चाकात गुंतली असती तर मागचे चाक जागीच बांधले गेले असते, आणि मागून मालमोटारी येत होत्या. आम्ही गाडी ढकलत कडेला नेली. पत्नी एवढेच म्हणाली, "अहो, ते बारीक दिसतंय तेच नीट बघायचं असतं ना?" त्या दिवसापासून साखळीला हात लावला की क्लिपचे तोंड मी दोनदा पाहतो. साखळी ताणताना मागच्या आसाच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवाव्या, नाहीतर चाक तिरके बसते. आणि फार ताणू नये. माणूस बसला की ती आणखी आवळते.

इंजिन उघडणे, बोअर करणे, वाकलेला पुढचा काटा सरळ करणे ही कामे मात्र मिस्त्रीची. त्यांत अब्रूचा प्रश्न नाही.

पेट्रोलचा एक नवा मुद्दा आहे. २०२५ पासून आपल्या पेट्रोलात सुमारे २० टक्के इथेनॉल असते, आणि त्यातले काही आपल्या उसाचेच. उसाला भाव मिळतो हे ठीकच आहे. पण जुन्या गाडीची रबरी नळी, कार्बोरेटरमधली वर्तुळे आणि गास्केटे या मिश्रणासाठी केलेली नव्हती. ती फुगतात, चिरतात. नळीला बोटाने दाबून भेगा दिसल्या तर ती ताबडतोब बदलावी. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेते. गाडी दोन महिने उभी राहणार असेल तर टाकी अर्धी ठेवण्यापेक्षा भरून ठेवावी, आणि कॉक बंद करून कार्बोरेटरच्या वाटीतले पेट्रोल सोडून द्यावे.

राहिला साज. तरुण मंडळी सायलेन्सर काढून गावभर आवाज करतात, त्यांना वाटते जोर वाढला. वाढतो तो आवाज. धुराची वाट मोकळी झाली की मिश्रणात हवेचे प्रमाण बिघडते आणि इंजिन उलट तापते. ८० ते १७५ सी.सी.च्या मोटारसायकलीला कारखान्यातून निघताना ७७ डेसिबलची मर्यादा घातलेली आहे, तीही उगाच नाही. कायद्याचे ५२वे कलम सांगते की नोंदणीपुस्तकातील तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही कारखानदाराच्या मूळ रचनेच्या बाहेर जाऊ नये असेच म्हटले. दिवे ठीक करणे, आसन शिवून घेणे, साडीरक्षक जाळी, पिशवीची कडी हे बदल घरी करावेत. सांगाडा कापू नये, इंजिन दुसरे घालू नये.

उपयोगाचा साज म्हणजे दुधवाल्यांचा. येथे थोडा हिशेब करू. दूध लिटरला सुमारे १.०३ किलो भरते. ४० लिटरच्या दोन कॅन म्हणजे दूधच ८२ किलो, आणि चालक ६० किलोचा. शंभर सी.सी.च्या गाडीची ओझे वाहण्याची क्षमता चालक धरून साधारण १३० किलो. म्हणजे कॅनचे पत्रे न मोजताच मर्यादा ओलांडली! २० लिटरच्या दोन कॅन नेल्या तर हिशेब बसतो. दुसरी गोष्ट, ओझे कोठे ठेवावयाचे ही. दोन चाकांच्या आसांत सुमारे १२३ सेंटिमीटर अंतर असते. ४० किलो मागच्या आसाच्या ३० सेंटिमीटर मागे टांगले तर मागच्या चाकावर ५० किलो पडतात आणि पुढच्या चाकावरचे १० किलो उचलले जातात. पुढचे चाक हलके झाले की हँडल थरथरते, वळण मनासारखे बसत नाही, आणि पुढचा ब्रेक दाबला की चाक घसरते. म्हणून लोहाराकडून कडी करून घेताना ती आसाच्या मागे नव्हे, आसाच्या पुढे, चालकाच्या पायामागे येईल अशी करावी, आणि जितकी खाली घेता येईल तितकी घ्यावी.

ओढ वाढवावयाची तर मागचे दातेरी चाक मोठे बसवतात. समजा ४२ दात्यांऐवजी ४४ दात्यांचे घातले. ओढ पाच टक्क्यांनी वाढते, पण त्याच वेगाला इंजिन तेवढेच जास्त फिरते आणि पेट्रोलही खाते. चढाचे आणि ओझ्याचे रस्ते रोजचे असतील तरच हे करावे. साखळीही एखाद-दोन कड्यांनी लांब लागेल. वेगाचा काटा पुढच्या चाकावरून चालत असल्यास तो बिघडणार नाही.

आणि दुधाचा रतीब घालताना एकच कॅन रिकामी करीत जाऊ नये. एका बाजूला वीस किलो आणि दुसऱ्या बाजूला नुसता पत्रा असे झाले की गाडी सरळ चालवण्यासाठी माणूस अंग तिरके करून बसतो, आणि वळणावर नेमका फसतो. एका घरी उजवीकडची, पुढच्या घरी डावीकडची, असे माप घालीत जावे.